मुठीच्या आतलं पोलाद

कंपनीने मला फसवलं आणि मी सावंतकाकांना फसवलं. यातलं पहिलं वाक्य मी गेली दोन वर्षं टोपी बाजारात भेटेल त्याला ऐकवत आलो आहे. दुसरं आज पहिल्यांदा लिहितो आहे. ते लिहिल्याशिवाय सावंतकाका कोण होते हे सांगता येणार नाही, म्हणून आधीच उरकून घेतलं.

आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात माझं दुकान ताडपत्री, दोर, टॉर्च, तंबू असल्या सामानाचं. त्यात एका काचेच्या पेटीत सुऱ्या. घडीच्या नव्हेत, सरळ पात्याच्या, कमरेच्या म्यानात राहणाऱ्या, रानात वापरायच्या. परदेशी महागडी सुरी घेणारा माझ्याकडे येत नाही. माझं गिऱ्हाईक म्हणजे शेताची राखण करणारा, मासे पकडायला जाणारा, डोंगर चढायला जाणारी कॉलेजची पोरं. त्यांना सुरी स्वस्त पाहिजे आणि मोडायला नको. या दोन गोष्टी एकत्र मिळत नाहीत, हे मलाही माहीत होतं. पण डब्यावर सोनेरी अक्षरांत ‘लाइफटाइम वॉरंटी’ छापलेलं असायचं आणि गिऱ्हाइकाने काही विचारलं की मी त्या अक्षरांवर बोट ठेवायचो. बोट ठेवायला काय जातं?

सावंतकाका पहिल्यांदा आले ते असल्याच एका मोडक्या सुरीचं गिऱ्हाईक म्हणून. उंच, काटकुळे, कडक इस्त्रीचा बुशशर्ट, काखेत थर्मास. त्यांनी सुरी काउंटरवर ठेवली. पात्याचं टोक उडालं होतं. सुरीला दोऱ्याने पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधली होती आणि तिच्यावर कोरीव अक्षरांत लिहिलं होतं: ‘सुरी, एक. टोक तुटले. बाभळीचे सरपण फोडताना.’

“वॉरंटी आहे म्हणे,” ते म्हणाले. “ती काय असते, जरा वाचून दाखवा.”

मी डब्यातला कागद काढला. बारीक अक्षरं. सुरीच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकून लाकूड फोडल्यास तो गैरवापर समजला जाईल आणि वॉरंटी लागू होणार नाही.

“बरं,” ते म्हणाले. मग त्यांनी डबा उलटा केला. डब्यावर रंगीत चित्र होतं. दाढीवाला एक पहिलवान जंगलात बसून सुरीच्या पाठीवर दांडका हाणून सरपण फोडत होता. “मग हा कोण आहे? ह्याची वॉरंटी गेली का?”

मी भडकलो. माझा स्वभावच तसा. रेक्झिनचे पट्टे खांद्यावर टाकून बाड्याच्या चौकात विकण्यापासून मी सुरुवात केली आहे. ओरडल्याशिवाय मला कुणी काही दिलं नाही. मी म्हटलं, काका, चित्र मी काढलं नाही, कंपनीला विचारा. ते म्हणाले, “मी कंपनीकडून कुठं घेतली? तुमच्याकडून घेतली. काही घाई नाही. मी तर बसतो.”

आणि ते बसले. गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी स्टूल होता, त्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पुन्हा आले, पुन्हा बसले. थर्मासमधून चहा ओतून घ्यायचे, मलाही विचारायचे, एक वाजता उठून जायचे. एक शब्द वाकडा नाही. येणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र तो डबा आणि तो कागद दोन्ही दाखवायचे आणि विचारायचे, “तुम्हीच सांगा, ह्यातलं खरं कोणतं मानायचं?” अकरा दिवस! बाराव्या दिवशी मी पेटीतली नवी सुरी काढून त्यांच्यापुढे आपटली.

त्यांनी ती उचलली, पातं काउंटरच्या कडेवर हलकेच वाजवलं आणि कान लावला. “पाहू या, काय म्हणतंय.” टण्ण असा बारीक आवाज आला, थोडा लांबला. “ठीक आहे ही.” मग म्हणाले, “पण ही तुम्ही दिलीत. कंपनीने कुठं दिली? कंपनीचं तर बाकीच राहिलं.”

मी सौद्यातला माणूस आहे. कुणाची कशात ताकद आहे ते मला लगेच दिसतं. मी म्हटलं, “काका, माझ्या डोक्यावर बसलात तसे त्यांच्या डोक्यावर बसाल का? रोज दोन तास. वॉरंटीचं सगळं काम तुमच्याकडे.”

त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. “मराठी आहेस ना? मग माझ्याकडून अहोजाहो बंद. येईन. पण स्टूल गिऱ्हाइकाचा आहे. मला खुर्ची लागेल.”

अशी सावंतकाकांची आमच्याकडे खुर्ची झाली.

ते एनसीसीच्या भांडारातून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं तंबू, पट्टे, बूट, सतरंज्या मोजून दिलेल्या आणि मोजून परत घेतलेल्या. चिठ्ठ्या बांधायची सवय तिथली. खासगी बाजार मोहल्ल्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा न्हाणीघरातल्या बादलीलासुद्धा चिठ्ठी होती: ‘बादली, मोठी. कडी ढिली.’ काकू म्हणाल्या, “मी म्हणते, मलापण एक बांधून टाका. गुडघा ढिला लिहा.” काका गंभीरपणे म्हणाले, “तू भांडारातली नाहीस.”

पूर्वजांचा विषय निघाला की आमच्या इथल्या मराठी घरांत प्रत्येकाचा पणजोबा घोड्यावर बसून दक्षिणेतून आलेला असतो. सावंतकाका म्हणायचे, “आमचेही फौजेबरोबर आले. घोड्यांना दाणा घालायला. पण दाणा मापात घालायचे.”

वॉरंटीचं काम त्यांनी भांडारासारखंच चालवलं. मोडकी सुरी आली की आधी चिठ्ठी. कधी घेतली, कशावर वापरली, कुठे मोडली. गिऱ्हाईक थापा मारायला लागलं की लिहिणं थांबवून नुसते बघत राहायचे. एकाने सांगितलं, कलिंगड कापताना पातं वाकलं. काका म्हणाले, “कलिंगडात काय होतं? खिळा?” त्याने कबूल केलं, मोटरसायकलचा टायर काढत होता. काकांनी तेच लिहिलं आणि तसंच कंपनीला पाठवलं. मी कपाळावर हात मारला. ते म्हणाले, “खोटं पाठवलं असतं तर खऱ्याला कोण विचारेल?” तो दावा अर्थातच नामंजूर झाला. पण त्याच आठवड्यात म्यानाची शिवण उसवल्याचे तीन दावे मंजूर होऊन आले, आणि ते कागद त्यांनी माझ्यापुढे असे मांडले, जणू आम्ही किल्ला जिंकला.

कंपनीच्या मदत केंद्रावर रिया नावाची मुलगी असायची. पहिल्या दिवशी ती रेकॉर्ड लावल्यासारखी बोलली: आपकी शिकायत हमारे लिए महत्त्वपूर्ण है. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बेटा, खाना हो गया?”  मग ती हळूच म्हणाली, “नहीं अंकल, अभी ब्रेक नहीं हुआ.” “तो पहले खा लो. हम अकरा से एक यहीं बैठे हैं.” हिंदीत बोलतानाही त्यांचे अकरा मराठीच असायचे. त्यानंतर ती त्यांना फोनवर ताटकळत ठेवायची नाही. फार काही करू शकत नव्हती बिचारी. एवढंच सांगायची की फाइल वर गेली आहे. वर म्हणजे कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं. एक गोष्ट मात्र काकांच्या लक्षात आली होती. मोडकी सुरी तपासणीला म्हणून गेली की परत येत नसे. यायचा फक्त कागद: ‘गैरवापर आढळला.’ “माल आपला, मोडला आपल्याकडे, आणि बघायला आपल्याला नाही,” ते म्हणायचे. “हे तर भांडाराच्या रीतीत नाही बसत.”

अशा माणसाकडे हरिराम आला.

हरिराम श्योपूरकडच्या जंगलात गस्त घालणाऱ्या रोजंदार चौकीदारांचा मुकादम. वाट अडवणारी काटेरी झुडपं तोडायला, दोर कापायला, चहापुरतं सरपण फोडायला त्यांना सुऱ्या हव्या होत्या. साठ जणांनी वर्गणी काढली होती. त्याने पेटीतली सुरी हातात घेतली, डब्यावरची सोनेरी अक्षरं बघितली नाहीत. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने सरळ काकांना विचारलं, “टूटे तो किसके पास आएँ?”

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, “मेरे पास.”

“आपका नाम?”

“यशवंत सावंत. खासगी बाजार. किसी से भी पूछ लेना.”

एवढ्यावर सौदा झाला. साठ सुऱ्यांचा. माझ्या नावावर नाही, कंपनीच्या नावावर नाही.

आता माझा भाग.

या साठ सुऱ्यांसाठी कंपनीचा माणूस आला तेव्हा मी नेहमीचा डाव टाकला. तीनदा उठून निघायचं, चौथ्यांदा परत बसायचं. भाव खाली, आणखी खाली. चौथ्यांदा बसलो तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “ठीक है भाईसाब, आपके लिए अलग लॉट बनवा देते हैं. दिखने में वही रहेगा.”

दिखने में वही. मी आयुष्यभर सौदे केले आहेत. या तीन शब्दांचा अर्थ मला कळत नाही असं कुणी म्हणू नये, मीही म्हणणार नाही. मी विचारू शकलो असतो, मग वेगळं काय असेल? नाही विचारलं. मी जिंकलो होतो ना. जिंकलेला माणूस प्रश्न विचारत नाही.

माल आला. काकांनी एकेक सुरी काढून काउंटरच्या कडेवर वाजवायला सुरुवात केली. पाच-सहा वाजवून थांबले. “दिनकर, हा लॉट तोच आहे ना? आवाज वेगळा येऊन राहिलाय. बद्द.”

“तोच आहे काका. तेल जास्त लावलंय पावसाळ्यामुळं.”

त्यांनी आणखी एक वाजवली. कान लावला. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “असेल. तेलानं होत असेल,” आणि पुढची चिठ्ठी बांधायला घेतली. स्वतःच्या कानापेक्षा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. साठ चिठ्ठ्या बांधल्या, प्रत्येकीवर क्रमांक, आणि मागच्या बाजूला स्वतःचं नाव.

सुरी हरिरामचीच मोडली. पावसाळा संपता संपता चौकीवर चहासाठी तो ओलं लाकूड फोडत होता, अगदी त्या डब्यावरच्या पहिलवानासारखा. दांडक्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या घावाला मूठ आणि पातं वेगळं झालं आणि पातं उसळून त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी घुसलं. निरोप आला तशी काकांनी श्योपूरची बस धरली. परत आले ते फडक्यात गुंडाळलेले दोन तुकडे घेऊन. माझ्यापुढे ठेवले.

“अंगठा वळत नाही त्याचा,” ते म्हणाले. “आत काहीतरी कापलं गेलंय. भारा बांधताना गाठ दातांनी मारतो.”

“काय म्हणाला?”

“काही नाही. म्हणाला, साब, आप आ गए.”

त्यांनी चिठ्ठी लिहिली, दावा भरला. या वेळी नवी सुरी मागितली नव्हती. त्यांना कंपनीकडून लेखी हवं होतं की सुरी सदोष होती, म्हणजे हरिरामच्या उपचाराचं काही मागता आलं असतं, आणि बाकीचे एकोणसाठ सावध झाले असते. रियाने फाइल उघडली. तुकडे घ्यायला कुरिअरवाला खासगी बाजारातल्या घरी येईल, असं ठरलं.

आणि कुरिअरवाला आला नेमका खंडेनवमीला.

त्याचा मला दुकानात फोन आला. “सर, अंकल पार्सल नहीं दे रहे. बोल रहे हैं आज लोहा आराम करेगा.” मी चपला अडकवून धावलो. काकांच्या दारात कुरिअरवाला उभा, हातात काकूंनी दिलेला रव्याचा लाडू. आत पाटावर पांढरं कापड, त्यावर ओळीने मांडलेलं सगळं लोखंड: अडकित्ता, कात्री, विळी, पेचकस, धार लावायचा दगडसुद्धा, आणि मधोमध ते दोन तुकडे. सगळ्यांवर हळदकुंकू, झेंडू. प्रत्येकाला चिठ्ठी होतीच.

“काका, द्या ते.”

“आज नाही. मांडलेलं हत्यार नवमीला उठवत नाहीत. उद्या सीमोल्लंघन झालं की मी स्वतः नेऊन देतो.”

“उद्या दसरा! उद्या कुरिअर बंद आहे!”

“मग परवा.”

“मोडकी सुरी आहे ती! मोडक्या सुरीची कसली पूजा?”

“मोडली म्हणून हत्यार नाही का?” ते शांतपणे म्हणाले. “माझे आजोबा पेन्शनवर घरी बसले होते, गुडघे गेले होते. वडील तरी त्यांच्या पाया पडायचेच ना?”

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “दिनकर, तू कशाला टेन्शन घेऊन राहिलास. विळीपण तिथेच आहे. सकाळपासून मी बटाटे हातानं कुस्करतेय. ह्यांच्यापुढं कुणाचं चाललंय?”

कुरिअरवाला अवघडला. “सर, मेरे को तो ‘कस्टमर ने मना किया’ डालना पड़ेगा.”

“डालो बेटा,” काका म्हणाले. “जो सच है वही डालो. एक लाडू और लो.”

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीचा संदेश आला. ग्राहकाने नमुना देण्यास नकार दिल्याने दावा बंद. पुन्हा उघडता येणार नाही. काकांनी फोन लावला. रिया म्हणाली, “अंकल, सिस्टम में मना किया लिखा है. मैं क्या करूँ?” ती जवळजवळ रडकुंडीला आली होती. काकांनीच तिची समजूत घातली.

मी मात्र त्या दिवशी त्यांना सोडलं नाही. भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत ओरडलो. एका अडाणी रिवाजापायी त्या माणसाचा अंगठा घालवलात, म्हटलं. हातात होते तुकडे, उचलून द्यायचे होते! त्यांनी ऐकून घेतलं. चेहरा पडला होता. मला ते दिसत होतं आणि तरी मी बोलत होतो. आज सांगतो, का बोलत होतो. ते तुकडे गेले असते तर परत आले नसते. परत आले नसते तर कुणी कधी आत बघितलं नसतं. मला ते तुकडे जायला हवे होते.

काका खुर्चीवर बसले. कुरिअरला द्यायला म्हणून आणलेले तुकडे त्यांच्यासमोरच होते.  मग पेटीतल्या कप्प्यातून धारदार पातं काढलं आणि मुठीचं काळं रबर उभं चिरायला लागले, संत्र्याची साल काढावी तसं.

सुरीचं पातं मुठीत शिरून शेवटपर्यंत गेलेलं असलं पाहिजे. डब्यावर तसंच छापलं होतं, मुठीच्या टोकापर्यंत पोलाद. मुठीतल्या त्या भागाला काका सुरीचं मूळ म्हणायचे. या सुरीचं मूळ दोन बोटं होतं. त्याच्याखाली पिवळी राळ भरलेली. मुठीच्या टोकाशी चकाकणारा रिव्हेट, म्हणजे पोलाद मुठीत पक्कं करणारी खीळ, कशालाच धरून नव्हता. राळेत नुसता खोचलेला.

ते उठले. त्यांची स्वतःची सुरी, मी बाराव्या दिवशी आपटलेली ती, पिशवीत असायची. तिचंही रबर त्यांनी चिरलं. पोलाद टोकापर्यंत होतं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या.

“दिनकर, लॉट तोच होता ना?”

मी हो म्हणू शकलो असतो. कंपनीने मलाही अंधारात ठेवलं, असं ओरडू शकलो असतो, आणि ते अर्धं खरं होतं. पण ते काउंटरच्या पलीकडून माझ्याकडे बघत होते, टायर काढणाऱ्या त्या गिऱ्हाइकाकडे बघायचे तसे. नुसते.

“नाही,” मी म्हटलं.

“तुला माहीत होतं?”

“आत काय आहे ते माहीत नव्हतं. वेगळा आहे एवढं माहीत होतं.”

त्यांनी मान हलवली. आपलं सामान आवरलं, दावे लिहायचं रजिस्टर माझ्या बाजूला सरकवलं, खुर्ची उचलून भिंतीला लावली. मग काउंटरच्या बाहेर आले आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. थर्मास मांडीवर.

“काका, काय हे?”

“काही घाई नाही,” ते म्हणाले. “मी तर बसतो.”

दुसऱ्या दिवशी अकराला आले. तिसऱ्या दिवशी आले. चहा ओतून मला विचारायचे, पूर्वीसारखंच. गिऱ्हाइकांना मात्र या वेळी काही दाखवलं नाही, काही सांगितलं नाही. ते मला जास्त झोंबलं. दाखवलं असतं तर मला भांडता आलं असतं. चौथ्या दिवशी मी शटर ओढलं. इकडून तिकडून, दुसऱ्या व्यापाऱ्यांकडून जुन्या लॉटच्या मिळतील तेवढ्या सुऱ्या गोळा केल्या, साठ भरल्या आणि म्हटलं, “चला.”

श्योपूरपर्यंत बसमध्ये आम्ही पोती पायाशी धरून बसलो होतो.  काका एकदा म्हणाले, “हरिरामला मीच विचारलं नाही, की अडचणीला तुझ्याकडं धावून येणारं कोण आहे. चिठ्ठीवर लिहायला पाहिजे होतं.” एवढंच.

चौकीवर हरिराम होता. अंगठ्यावरची जखम भरली होती, अंगठा तसाच ताठ. मी आयुष्यात कुणापुढे खाली मान घालून उभा राहिलो नव्हतो. त्याला सांगितलं. माल वेगळा होता, मला ठाऊक होतं, मी सांगितलं नाही. हिंदीत सांगितलं, दोन वाक्यांत. तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. ऐकून झाल्यावर त्याने काकांकडे मान वळवली.

“साब, आपको पता था?”

“नहीं,” काका म्हणाले.

“तब ठीक है.”

मग त्याने चुलीवर आधण ठेवलं. माझ्या हातातही पेला दिला. पण बोलला नाही. निघताना डाव्या हाताने त्याने नवी सुरी घेतली, दगडावर वाजवली आणि काकांपुढे धरली. काकांनी कान लावला. “ठीक है यह.”

सगळ्या सुऱ्या परत मिळायला दोन महिने लागले. चौकीदार विखुरलेले. काका दर आठवड्याला बस धरायचे. मी गाडी देतो म्हटलं तर म्हणाले, “वॉरंटी माझ्या नावाची आहे.” एकोणसाठ चिठ्ठ्या एकोणसाठ सुऱ्यांसह परत आल्या. माझ्याकडच्या खुर्चीवर ते त्यानंतर बसले नाहीत. मीही बसा म्हटलं नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार?

शेवटचे आले ते पौषातल्या एका सकाळी. गळ्यात मफलर, छातीत घरघर. काउंटरवर ते दोन तुकडे ठेवले, चिरलेल्या मुठीसकट. चिठ्ठी तीच होती, पण खाली एक ओळ वाढवली होती: ‘मूळ दोन बोटे. बाकी राळ.’

“हे तुझ्याकडं ठेव,” म्हणाले. “कंपनीचा कुणी मागायला आला तर सही घेऊन दे. सही घेतल्याशिवाय नाही. आणि नवमी सोडून.”

मी चहा मागवतो म्हटलं. ते म्हणाले, थर्मास आहे. जाता जाता सवयीने त्यांनी बोटाच्या पेराने माझा काउंटर वाजवला, डोकं किंचित झुकवून ऐकलं. नेहमीचं ‘पाहू या, काय म्हणतंय’ आज तोंडून आलं नाही. काय ऐकू आलं, तेही सांगितलं नाही. टोपी बाजाराच्या गर्दीत एका ई-रिक्षाला वाट देण्यासाठी ते भिंतीला चिकटून उभे राहिले, थर्मास छातीशी धरून. रिक्षा गेली, आणि मफलर पुढच्या वळणावर दिसेनासा झाला. तीन आठवड्यांनी न्यूमोनियाने गेले.

पुढे एकदा रियाचा फोन आला. नोकरी सोडते आहे, अंकलना सांगायचं होतं. अंकल गेले, मी सांगितलं.  ती म्हणाली, “सर, वो फाइल ऊपर ही है अभी भी.”

तर वर जे कोणी बसले आहेत त्यांना हे लिहितो आहे. मी माझं उत्तर श्योपूरच्या जंगलात जाऊन, त्या माणसाच्या चुलीसमोर उभं राहून दिलं आहे. ते पुरेसं नाही, मला माहीत आहे. अंगठा अजून वळत नाही. पण दिलं आहे. तुमच्या डब्यावर तो पहिलवान अजून सरपण फोडतो आहे आणि खाली अजून लिहिलं आहे, मुठीच्या टोकापर्यंत पोलाद. साठ सुऱ्यांची मुळं दोन बोटांवर कुणी कापली? कुणी राळ ओतली, आणि त्यावर रिव्हेट खोचायची अक्कल कुणाची? मला कंपनीचं नाव नको, फाइल नंबर नको. माणसाचं नाव पाहिजे. दोन्ही तुकडे काउंटरवर आहेत, चिठ्ठी बांधलेली आहे. स्टूल बाहेर ठेवला आहे. दुकान अकराला उघडतं. या आणि सांगा, हरिरामच्या अंगठ्याचं उत्तर कोण देणार? तुम्ही येणार नसाल तर तुमच्या दारात थर्मास घेऊन बसायला मी शिकलो आहे. मला काही घाई नाही.